धाकट्या सुनेची मऊ जीभ

थोरल्या जाऊबाईंचा फोन आला तेव्हा दमिरा बायकांच्या मदत केंद्रात दोन नव्या मुलींना बोलायला शिकवत होती. बोलायला म्हणजे, रडत आलेल्या बाईशी बोलायला.

"'का गेलीस त्याच्याबरोबर' असं विचारायचं नाही," ती सांगत होती. "'का' म्हटलं की तिला वाटतं, आपलंच चुकलं. बिचारी म्हणायचं नाही. तिला काय म्हणून हाक मारायची ते तिलाच विचारायचं. आणि तिच्या वतीने काही ठरवायचं नाही. पोलिसांत जायचं की नाही, हेसुद्धा तिने ठरवायचं. आधीच कुणीतरी तिच्या वतीने सगळं ठरवून मोकळं झालेलं असतं, त्यात आपली भर नको."

हे सगळं राजधानीतून, बिश्केकहून आलेल्या बाईंनी शिकवलं होतं, आणि दमिराने ते इतकं अंगी बाणवलं होतं की बाजारात कांदे घेतानाही ती कांदेवाल्याच्या मनाला लागेल असं बोलत नसे. शहरात तिचं नाव होतं. दमिरा-एजे, म्हणजे दमिराताई, समोर बसली की दगडालाही पाझर फुटतो, असं लोक म्हणायचे. स्तुतीला ती लाजायची, पण ऐकून घ्यायची.

फोनवर शारकान, थोरली जाऊ, धापा टाकत होती. "एर्मेकने मुलगी आणलीय."

एर्मेक म्हणजे शारकानचा मुलगा, दमिराचा पुतण्या. "आणलीय म्हणजे?" दमिराने विचारलं.

"म्हणजे काय? बाजारातून मेंढी आणली का? सून आणलीय. नर्सिंगच्या कॉलेजातली आहे. सकाळी गाडीत घातली. पण चावते गं बाई. माझ्या मनगटाला चावली. डोक्यावर नवरीची पांढरी ओढणी टाकली की भिरकावते. अपा म्हणतात, दमिराला बोलाव, दिवसभर रडक्या बायांशीच तर बोलत असते. तुझी ती शहरातली भाषा घे आणि ये." अपा म्हणजे दोघींच्या सासूबाई.

खरं म्हणजे त्याच क्षणी तिने चौकीला फोन करायला हवा होता. मुलगी पळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आहे, हे ती नव्या मुलींकडून पाठ करून घ्यायची. पण तिने स्वतःला बजावलं की आधी मुलीला विचारायला हवं, तसा नियम आहे. नियम खराच होता. कारण मात्र निराळं होतं, आणि तेही तिला पुरतं ठाऊक होतं. घर आपलं होतं. दुसऱ्याच्या घराला आग लागली की माणूस बंब बोलावतो, आपल्या घराला लागली की आधी शेजारी बघत नाहीत ना ते पाहतो.

नवरा कुबात गाडी घेऊन केंद्राच्या दाराशी उभाच होता. कुबात माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही काहीतरी करावं लागतं, आणि कुबात काही करत नसे.

"तू फक्त बोल तिच्याशी," रस्त्यात तो म्हणाला. "जबरदस्ती कुणी करणार नाही. नको म्हणाली तर सोडतील."

"सकाळपासून ती दुसरं काय म्हणतेय? हो म्हणायला चावली का?"

कुबातने रेडिओ लावला.

ताश-बुलाकला पोचले तेव्हा अंगणात मेंढा सोललेला होता आणि मोठी कढई चुलाणावर चढली होती. थोरले दीर बाह्या वर करून मांस तोडत होते. दमिरा रीतीप्रमाणे वाकली.

"ये केलिन," दीर म्हणाले. इथे सुनेला केलिनच म्हणतात. "इतकी वर्षं बाहेरच्या बायांना शहाणपण वाटलंस. आज घराला उपयोग होऊ दे त्याचा."

"बघते, थोरले," ती म्हणाली.

तिने त्यांचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं. नवऱ्याकडच्या थोरांचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, हे आमच्या डोंगरातल्या जुन्या घरांत अजून पाळतात. दिरांचं नाव तेमिरकुल. तेमिर म्हणजे लोखंड. म्हणून सासूसमोर दमिरा लोखंडाच्या कढईलाही नुसतं 'ती काळी' म्हणायची, आणि गावातल्या दुकानात खिळे मागताना तिची त्रेधा बघून दुकानदार गालात हसायचा. कागदावर लिहायला हरकत नव्हती, तोंडाने नाही. गेलेल्या सासऱ्यांचं नाव तर सासूबाईंनी, अपांनी, स्वतःसुद्धा जन्मात घेतलं नव्हतं. सव्वीस वर्षं ती हे पाळत आली होती आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आतल्या खोलीत शेगडी पेटलेली होती आणि खिडक्यांच्या फटी थंडीसाठी कागद चिकटवून बुजवलेल्या होत्या. कोपऱ्यात नवरीचा पडदा बांधला होता. शेजारच्या दोघी बायका भिंतीला टेकून चहा पीत होत्या, बघायला आल्यासारख्या. अपा दाराजवळ काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या खोलीला दार एकच.

मुलगी पडद्यामागे भिंतीत पाठ रुतवून बसली होती. केस सुटलेले, स्वेटरची एक बाही उसवलेली. वय विशीच्या आसपास. दमिरा तिच्यापासून हातभर लांब थांबली.

"मी दमिरा. इथे बसू का? नको असेल तर तिकडे बसते."

मुलीने वर पाहिलं. सकाळपासून त्या खोलीत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"बसा."

"तुला काय म्हणू?"

"पेरिझात. केलिन म्हणू नका."

"नाही म्हणणार."

दमिराचा बेत साधा होता. मुलीला शांत करायची, मला जायचंय असं तिच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं आणि मग घरच्यांना म्हणायचं, ऐकलंत ना, आता सोडा. भांडण नाही, पोलीस नाही, साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. ती हळू बोलायला लागली. आवाज खाली, हात स्वतःच्या मांडीवर, मुलगी थांबली की आपणही थांबायचं. बोलणं तिच्या हातातलं होतं.

"मी गाडीत बसायलाच नको होतं," पेरिझात म्हणाली. "त्याला मी नाही म्हणून सांगितलं होतं, गेल्या महिन्यातच. म्हणाला, बरं, राग नाही, स्टँडपर्यंत सोडतो. मी मूर्ख."

"ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवलास. त्यात तुझी चूक नाही."

हे ऐकलं आणि पेरिझातचा बांध फुटला. ती पोटातून रडली. दमिरा नुसती बसून राहिली, रडू नकोस म्हणाली नाही. मग विचारलं, चहा हवा का, नको तर नको. पेरिझातने वाटी दोन्ही हातांत धरली, प्याली, आणि नकळत समोरच्या ताटातला तळलेल्या पिठाचा एक बोरसोक उचलून तोंडात टाकला.

मागे शारकानने शेजारणीला कोपर मारलं. "खाल्लं. बघ, खाल्लं. घरचं मीठ पोटात गेलं."

"काय लोण्यासारखी बोलते," शेजारीण म्हणाली. "आमच्या वेळी नुसत्या धपाट्यांवर भागायचं."

"जिभेवर साखर आहे माझ्या धाकटीच्या," अपा दारातून म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी दमिराला असं काही म्हटलं नव्हतं.

दमिराने ते ऐकलं आणि तिच्या मानेवर काटा आला, पण कशाने ते तेव्हा तिला उमगलं नाही.

तेवढ्यात शारकानने फोन आणून मुलीसमोर धरला. "तुझी आई. बोल."

आईचा आवाज रडून बसलेला होता. "पेरिझात, यांची माणसं आलीत इथे. मेंढ्या घेऊन माफी मागायला आलीत. तुझे वडील काही बोलत नाहीत, नुसते बसलेत. आता परत आलीस तर लोक काय म्हणतील, तुझ्या बहिणीला कोण करून घेईल? दगड पडला त्या जागीच जड असतो, बाळा. राहा आता."

फोन बंद झाला. पेरिझात आता रडत नव्हती. डोळे कोरडे करून तिने दमिराकडे पाहिलं.

"एजे, तुम्ही सांगा. काय करू मी?"

"ते मी नाही सांगू शकत, पेरिझात. ते तू ठरवायचं. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे."

हे वाक्य दमिराने किती बायकांना सांगितलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी ते खरं निघालं होतं.

पेरिझातने वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुम्ही याच घरच्या?"

"हो. धाकटी सून."

"तुम्हालाही असंच आणलं होतं?"

खोटं बोलायचं नाही, हाही नियमच. "हो."

"आणि राहिलात."

"राहिले."

"मग राहते मी," पेरिझात म्हणाली. "तुमच्यासारखी बाई या घरात आहे, म्हणजे घर अगदीच वाईट नसेल. तुम्ही असाल ना जवळ?"

शारकानने तिथल्या तिथे टाळी वाजवली. शेजारणी उठून एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या, कुणीतरी बाहेर धावत जाऊन पुरुषांना सांगितलं आणि अंगणात हशा झाला. शारकानने पांढरी ओढणी झटकून, घडी मोडून दमिराच्या हातात दिली. "तूच घाल. तुझ्या हातून घेईल ती."

दमिरा ओढणी घेऊन उभी राहिली. याच खोलीत, याच कोपऱ्यात ती एकोणिसाव्या वर्षी बसली होती. बायांनी तिच्यावरही आरडाओरडा केला, आणि तीही चावली होतीच. ओरडणाऱ्याला चावता येतं. मग शेजारची कालिपा-एजे आली. ती ओरडली नाही. जवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, रड हवं तेवढं, तुझं काही चुकलं नाही गं. त्या हाताखाली दमिराचा सगळा जोर विरघळून गेला. पुढे कितीतरी वर्षं कालिपाचा तो आवाज तिला मायेनेच आठवायचा. आज तोच आवाज तिच्या स्वतःच्या घशातून आला होता, आणि त्याचं काम त्याने त्या वेळेसारखंच चोख केलं होतं.

तिला स्वतःची किळस आली. दिरांनी दार लावलं, जावेने ओढणी आणली, पण मुलीला बांधलं ते हिने. केंद्रात ती वाक्यं खरी होती, कारण केंद्राचं दार उघडं असायचं. इथे ती मऊ दोरी झाली होती, आणि मऊ म्हणून मुलीने आपणहून हात पुढे केले होते.

"राहू नकोस," दमिरा म्हणाली.

पेरिझातला कळेना. "काय?"

"राहू नकोस म्हणतेय. दार लावून विचारलं की माणूस जे बोलतं, त्याला ठरवणं म्हणत नाहीत. मी मघापासून तुला गोड गोड बोलतेय आणि त्या दाराकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. ऊठ."

"पण तुम्हीच म्हणालात, मी ठरवायचं..."

"चुकले मी. बाहेर रस्त्यावर उभी राहा आणि मग ठरव. तिथे उभी राहून परत यावंसं वाटलं तर ये. आता ऊठ."

शारकानचं तोंड उघडंच राहिलं. "हे काय गं? हीच का तुझी शहरातली भाषा?"

"नाही. ही माझी."

दमिराने हात पुढे केला. पेरिझातने क्षणभर पाहिलं, मग घट्ट धरला. दोघी दाराकडे निघाल्या, आणि तेव्हा अपांनी गुडघे धरत धरत, सावकाश उंबऱ्यावर अंग टाकलं. दारात आडव्या झाल्या, काठी उशाशी घेऊन.

"ओलांडा," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "जिची छाती असेल तिने ओलांडावं."

म्हाताऱ्या बाईला ओलांडून जाणारीचं तळपट होतं, तिची कूस उजवत नाही, हे आमच्याकडे पोरींना दुधाबरोबरच पाजतात. पेरिझात नर्सिंग शिकत होती, कूस कुठे असते आणि कशाने उजवते हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तरी तिचा पाय उचलेना. दमिराला दोन मुलं होऊन वाढूनही गेली होती, तिला घाबरायचं काही कारण नव्हतं. तिचाही उचलेना. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण आडावरून निदान उडी तरी मारता येते. इथे वीतभर उंचीची म्हातारी होती आणि दोघी तिच्यासमोर खुंटीला बांधल्यासारख्या उभ्या होत्या. शारकान हसली. वेळ आमच्याच बाजूने आहे, अशा थाटात तिने चहाची वाटी उचलली.

दमिराने फोन काढला आणि चौकीचा नंबर लावला.

"बोला एजे," तिकडच्याने आवाज ओळखला. "काय म्हणता?"

"ताश-बुलाकमध्ये एक मुलगी आहे. तिला तिच्या इच्छेविरुद्ध... ती सध्या एका घरात अडचणीत आहे."

"अडचणीत म्हणजे? लग्नघर आहे का? मग दोन दिवसांत अडचण सुटते," तो हसला. "बरं, घर कुणाचं?"

"आमच्या थोरल्यांचं."

"थोरले सगळ्यांनाच असतात, एजे. नाव सांगा. नावाशिवाय गाडी कुठल्या दारात उभी करू?"

शारकानने वाटी खाली ठेवली. "नाव घेणार आहेस? अपांसमोर?" तिच्या आवाजातली थट्टा गेली होती.

दमिराची जीभ टाळूला चिकटली. बायकांना धीर देणारी, शहरात नावाजलेली जीभ, तिला एक नाव घेता येईना. पेरिझातचा हात तिच्या हातात गार पडत चालला होता.

"तेमिरकुल," ती म्हणाली.

शेजारणीने डोक्याचा रुमाल तोंडाशी नेला. फोनवरचा माणूस कागद चाळत होता. "तेमिरकुल दोन आहेत तिथे. एक ट्रॅक्टर दुरुस्त करतो, एक मेंढ्यांवाला. कुणाचा मुलगा?"

"सादिरबायचा," दमिरा म्हणाली, आणि आता ती थांबली नाही. "सादिरबायचा मुलगा तेमिरकुल. त्याच्या मुलाने, एर्मेकने, पेरिझात नावाच्या मुलीला पळवून आणलंय. घरात कोंडलंय. बाहेर जाऊ देत नाहीत. सांगणारी मी दमिरा, याच घरातली. लिहून घ्या."

अपा उठल्या. एरवी ज्यांना उठवायला दोन सुना लागायच्या, त्या एका झटक्यात उठल्या, काठी उचलली आणि दमिराच्या खांद्यावर ओढली. मग दुसरी. दमिराने डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा अपा खोलीच्या मध्यावर तिच्यासमोर उभ्या होत्या, आणि उंबरा रिकामा होता.

"जा," दमिरा म्हणाली.

पेरिझात गेली. शारकान धरायला धावली, पण चावलेलं मनगट आठवलं असावं, हात अर्ध्यातच आखडला. मुलीने दारातले कुणाचे तरी रबरी बूट पायांत अडकवले आणि अंगण ओलांडलं. दिरांचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले होते. त्यांनी आतून आपलं नाव ऐकलं होतं, भावजयीच्या आवाजात, आणि सुरी हातात धरून ते दाराकडे बघत राहिले, जणू कुणी अनोळखी माणूस त्यांना हाक मारून गेला होता. एर्मेक पुढे झाला, पण फाटकात त्याच्या वाटेत काका उभा होता. कुबातने मुलीला अडवलं नाही आणि पुतण्याला वाट दिली नाही. तो नुसता होता तिथे उभा राहिला. त्याचं काही न करणं जन्मात एकदा कामाला आलं.

खिडकीतून रस्ता दिसत होता. पेरिझात दुकानापाशी पोचली, तिथे लोक होते. फोन अजून चालूच होता. "मुलगी रस्त्यावर आलीय," दमिराने सांगितलं. तिकडचा आता हसत नव्हता. "तिथेच थांबायला सांगा. गाडी निघाली."

बायका सगळ्या अंगणात धावल्या होत्या. खोलीत दोघीच उरल्या. अपा गाद्यांच्या ढिगावर कलल्या. दमिरा तिथेच उभी राहिली. खांदा ठणकत होता. आता शिव्या येतील, शाप येतील, त्यासाठी तिने मन घट्ट केलं.

"मला आणलं ना," अपा म्हणाल्या, "तेव्हा नाव सांगितलं नव्हतं कुणी. कुणाच्या घरात बसवलंय तेच ठाऊक नव्हतं मला. ओढणी घातली, सगळं झालं. मग पाण्याला गेले तेव्हा एका पोरीने सांगितलं. सादिरबाय." त्यांनी ते नाव हळूच, तोंडात घोळवून घेतलं. "त्याच संध्याकाळी सासूने बजावलं, हे पुन्हा तोंडातून निघता कामा नये."

अशा वेळी समोरच्या बाईला काय म्हणायचं हे दमिरा लोकांना शिकवायची. ती सगळी वाक्यं तिला आठवली आणि एकही म्हणावंसं वाटलं नाही. "अपा," ती म्हणाली, आणि एक पाऊल त्यांच्याकडे टाकलं.

अपांनी काठी उचलून दाराकडे दाखवली.

"ती पोर एकटी उभी असेल रस्त्यावर. जा तिच्याकडे. मी परत आडवी व्हायच्या आत जा."